कार्न मोर जेरागच्या धारेवरून बेन नेव्हिस : एका दिवसाच्या चढाईचं सविस्तर मार्गदर्शन

बेन नेव्हिस हे ब्रिटनमधलं सर्वोच्च शिखर. उंची १३४५ मीटर. तिथे जाणारी बहुतेक मंडळी ग्लेन नेव्हिसच्या दरीतून ‘माउंटन ट्रॅक’नं चढतात आणि त्याच वाटेनं उतरतात. माथ्यावरच्या वेधशाळेसाठी १८८३ साली घोडी नेता यावीत म्हणून ती वाट बांधली. ती रुंद आहे, मळलेली आहे आणि चुकायला कठीण आहे. पण डोंगराची खरी बाजू, म्हणजे उत्तरेचा सहाशे-सातशे मीटरचा कडा, त्या वाटेवरून दिसतच नाही. तो बघायचा असेल आणि थोडं हातांनी खडक धरून चढायची सवय असेल, तर शेजारच्या कार्न मोर जेराग (१२२० मीटर) या शिखरावर चढून, दोन्ही डोंगरांना जोडणाऱ्या कमानीसारख्या खडकाळ धारेवरून बेन नेव्हिसच्या माथ्यावर जावं. स्कॉटलंडमध्ये एका दिवसात करण्यासारखी याहून सुंदर वाट मला तरी माहीत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. या वाटेवर लोक धारेला घाबरतात, पण धारेवर माणूस आपोआप सावध असतो. खरा धोका त्यानंतर येतो. दमलेल्या पायांनी माथ्यावर पोचल्यावर ढग उतरतो, सपाट पठारावर वाट दिसेनाशी होते आणि दोन्ही बाजूंना घळी असतात. म्हणून तयारी करायची ती धारेपेक्षा उतरणीची.

ही वाट कोणासाठी

एकूण अंतर १७ ते १८ किलोमीटर, चढाई जवळपास दीड हजार मीटर, वेळ दहा ते अकरा तास. आकड्यांत बघितलं तर आपली कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे बेन नेव्हिसपेक्षा उंच. पण बारी गावातून निघताना आपण आधीच बऱ्यापैकी उंचीवर असतो. इथे गाडी लावतो ती जागा समुद्रसपाटीपासून फारशी वर नाही, त्यामुळे सगळी चढाई पायांनीच करावी लागते.

ब्रिटनमध्ये हातापायांनी चढायच्या वाटांना १, २, ३ अशा श्रेणी देतात. ही धार श्रेणी १ मध्ये येते. दोर लागत नाही. सह्याद्रीत कातळटप्पे चढलेल्या, कड्यालगतच्या अरुंद वाटांवरून शांतपणे चालणाऱ्या माणसाला तांत्रिकदृष्ट्या हे जमण्यासारखं आहे. मात्र दृष्टिभय, म्हणजे उंचीवरून खाली बघायची भीती, असेल तर ही वाट निवडू नका. धारेवर दीड-एक तास दोन्ही बाजूंना उतार दिसत राहतो आणि मधूनच खाली उतरायला सोपी पळवाट नाही. पुढे जायचं, नाहीतर आलो तसं मागे फिरायचं.

केव्हा जावं

जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. नोव्हेंबर ते एप्रिल इथे पूर्ण हिवाळी चढाई असते. त्यासाठी आइस-अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुदळ), क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे काटे) आणि ते वापरण्याचं रीतसर प्रशिक्षण लागतं. मे महिन्यात दरीत हिरवळ दिसते, पण माथ्यावर बर्फ असू शकतो आणि उत्तरेच्या घळींच्या तोंडाशी तर जूनमध्येही तो लोंबकळत असतो. ‘मे म्हणजे उन्हाळा’ हे आपलं गणित इथे लागू पडत नाही.

जूनचा मोठा फायदा उजेडाचा. पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. दहा-अकरा तासांच्या चालीला एवढी सवड दुसऱ्या कुठल्याच महिन्यात मिळत नाही. तरीही हेडटॉर्च घ्यायचाच.

हवामानाबद्दल वेधशाळेच्या नोंदी बोलक्या आहेत. माथ्यावर वर्षाला साधारण ४३५० मिलिमीटर पाऊस आणि सरासरी २६१ वेळा वादळी वारे. मे-जूनमध्येही निम्म्याहून अधिक वेळ माथा धुक्यात असतो. पाऊस आपल्याला नवा नाही, लोणावळ्याकडची माणसं या आकड्याला हसतील. फरक आहे तो थंडीचा. फोर्ट विल्यमला १५ अंश असेल तेव्हा माथ्यावर सहा-सात अंश असतात, आणि त्यात भिजलेलं अंग व वारा. आपल्या पावसाळी ट्रेकला भिजणं ही मजा असते, इथे भिजणं म्हणजे शरीराची ऊब संपायला लागणं.

आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा वेस्ट हायलँड्सचा अंदाज वाचा, जोडीला मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचा, डोंगरी अंदाज. गावाच्या हवामानावर जाऊ नका. त्यात तीन गोष्टी बघायच्या : माथ्यावरच्या वाऱ्याचा वेग, ढगाचा तळ किती मीटरवर असेल, आणि दुपारनंतर काय बदलणार आहे. वाऱ्याचे झोत ताशी ५० किलोमीटरच्या पुढे जाणार असतील तर मी धारेचा विचार सोडून देतो. नुसता पाऊस असेल तर एकवेळ चालेल, वारा चालणार नाही.

पोचणं आणि मुक्काम

पायथ्याचं गाव फोर्ट विल्यम. ग्लासगोहून ए८२ रस्त्यानं गाडीनं अडीच-तीन तास. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकावरून थेट रेल्वेही आहे, तिला पावणेचार तासांच्या आसपास लागतात. लंडनच्या युस्टनहून रात्रीची कॅलेडोनियन स्लीपर सकाळी उशिरा पोचते. तेव्हा त्या दिवशी चढाई नाही, आराम करायचा. जून ते ऑगस्टमध्ये खोली खूप आधी धरून ठेवा.

डोंगरावर जायला परवाना किंवा प्रवेशशुल्क नाही. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं स्कॉटलंडमध्ये जबाबदारीनं कुठेही पायी फिरण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे. फक्त फाटकं होती तशी बंद करायची आणि कचरा परत आणायचा.

सॅकमध्ये काय

सुती कपडा अंगावर नको, आतला बनियनसुद्धा नको. आत घाम ओढून घेणारा पातळ थर, वर फ्लीस, आणि खरोखर पाणी अडवणारं जॅकेट व पँट. याशिवाय एक जादा उबदार कपडा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तळाशी ठेवा आणि तो थांबल्यावर लगेच चढवा, कुडकुडायला लागल्यावर नव्हे. लोकरी टोपी आणि हातमोजे जूनमध्येही घ्यायचे. हातमोज्यांचे दोन जोड असावेत, कारण खडक धरून पहिला जोड भिजतोच.

बूट घोट्यापर्यंतचे, खडबडीत तळाचे. सह्याद्रीत आपण हलके, मऊ तळाचे बूट घालून कातळावर छान चढतो, पण इथे दिवसाचा मोठा भाग सुट्या धोंड्यांवरून चालण्यात जातो आणि मऊ तळ असेल तर संध्याकाळी पावलं सोलून निघतात.

नकाशा कागदीच हवा. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्स्प्लोरर ३९२ हा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा आणि चांगलं होकायंत्र घ्या. मोबाइलवर नकाशा जरूर उतरवून घ्या, पण थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. पॉवर बँक, शिट्टी, छोटी प्रथमोपचार पेटी, दोन-तिघांना एकत्र बसता येईल असा नायलॉनचा आपत्कालीन तंबू. डोंगरावर दुकान, टपरी, हॉटेल काही नाही.

खाणं असं घ्या की चालता चालता, हातमोजे घालून खाता येईल. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिक्की, डिंकाचे लाडू यांना तोड नाही. दोन लिटर पाणी सोबत असावं. धार आणि माथ्यावर पाणी मिळत नाही.

जूनपासून मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे असतात. वाऱ्यावर त्या टिकत नाहीत, पण पायथ्याच्या जंगलात थांबलात की घेरतात. डोक्यावरून घ्यायची जाळी आणि मलम दोन्ही ठेवा.

पहिला टप्पा : टॉरलंडी ते कार्न मोर जेराग

फोर्ट विल्यमच्या ईशान्येला काही किलोमीटरवर टॉरलंडी आहे. तिथून आत ‘नॉर्थ फेस’ नावाचा वाहनतळ लागतो. सात वाजेपर्यंत चालायला लागा. पाटीवरची गेलिक (इथल्या जुन्या भाषेतली) नावं आणि त्यांचे उच्चार यांत बरंच अंतर आहे, म्हणून नकाशावर नावं आदल्या रात्रीच ओळखून ठेवा.

सुरुवातीला जंगलातून नीट बांधलेली चढाची वाट आहे. तासाभरात झाडी संपते आणि आउल्ट अ व्हूलिन या ओढ्याच्या काठाकाठानं मोकळ्या माळावर येतो. समोर बेनचा उत्तर कडा उभा राहतो. ही मुख्य वाट ओढ्यालगत सरळ सीआयसी हटकडे जाते. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या चार्ल्स इंग्लिस क्लार्क यांच्या स्मरणार्थ १९२९ मध्ये उघडलेली, ६८० मीटरवरची ही दगडी झोपडी स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबची आहे. ती कुलूपबंद असते, तेव्हा तिथे आसरा मिळेल असं धरून चालू नका.

आपल्याला हटपर्यंत जायचं नाही. जंगल संपल्यावर थोड्याच अंतरावर डावीकडे एक बारीक वाट फुटते आणि कार्न बेग जेरागच्या (१०१० मीटर) उताराला लागते. फाटा ठळक नाही. सुटला तर हटच्या बाजूनंही कार्न मोर जेरागवर चढता येतं, पण तो चढ अंगावर येणारा आणि घसाऱ्याचा आहे, त्यामुळे फाटा शोधण्यात पाच मिनिटं गेली तरी चालतील. सुरुवातीचा उतार ओल्या गवताचा आणि दलदलीचा, पुढे दगडांचा. दिवसातला सगळ्यात कंटाळवाणा आणि दमछाक करणारा भाग हाच. इथे घाई करू नका. बोलता येईल इतक्याच वेगानं चढा.

कार्न बेग जेरागनंतर चढ सौम्य होतो आणि चाल एकदम मोकळी होते. पुढे कार्न जेराग मियनाख (११७९ मीटर) आणि मग कार्न मोर जेराग. पायाखाली लालसर ग्रॅनाइटच्या फरशा आणि उजव्या हाताला, दरीपलीकडे, बेनचा पूर्ण कडा आणि त्यावरच्या उभ्या धारा : टॉवर रिज, ऑब्झर्व्हेटरी रिज, नॉर्थ-ईस्ट बट्रेस. कडा आणि हा ग्रॅनाइट दोन वेगळ्या दगडांचे आहेत. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथल्या ज्वालामुखीचा मधला भाग खालच्या वितळलेल्या ग्रॅनाइटमध्ये खचला. आजूबाजूची जमीन झिजून गेली आणि खचलेला, कणखर लाव्हारस आज सगळ्यात उंच उभा आहे. आपण सह्याद्रीचे लोक लाव्हाच्या कड्यांखालीच वाढलो, त्यामुळे हे बघताना ओळखीचं काही भेटल्यासारखं होतं.

वाहनतळापासून कार्न मोर जेरागच्या माथ्याला चार तासांच्या आसपास लागतात. इथे बसून निर्णय घ्यायचा. घड्याळ बघा. दुपारचा एक वाजून गेला असेल, वारा उभं राहू देत नसेल, धार ढगात गेली असेल किंवा गटातलं कुणी गप्प गप्प झालं असेल, तर आल्या वाटेनं परत फिरा. १२२० मीटरचं शिखर आणि ब्रिटनमधला सर्वांत भव्य कडा बघून झालेला असतो. दिवसात सहज माघार घेता येईल अशी ही शेवटची जागा आहे. काठ्या मिटवून सॅकला बांधा, सॅकच्या लोंबत्या पट्ट्या खोचून टाका, दोन घास खा.

दुसरा टप्पा : धार

माथ्यावरून दक्षिणेकडे उतरायला लागलं की धार सुरू होते आणि हळूहळू उजवीकडे वळत बेनकडे जाते. लांबी सुमारे दीड किलोमीटर. उजवीकडे कोरी लेश हा डोंगरातला खोल खळगा, डावीकडे ग्लेन नेव्हिसच्या बाजूचा उतार. सगळ्यात खालचा भाग साधारण १०६० मीटरवर आहे.

बऱ्याच ठिकाणी डावीकडे, माथ्याच्या जरा खालून, बारीक वाट जाते. ती अवघड उंचवटे टाळते. पण कोरड्या दिवशी वारा नसेल तर माथ्यावरूनच चला. तिथला खडक पक्का आहे. खालच्या वाटेवर मात्र माती आणि सुटे दगड आहेत, आणि पाय घसरायचा तर तिथेच जास्त.

ग्रॅनाइटला हात लावला की लगेच फरक कळतो. पृष्ठभाग खरखरीत, काचकागदासारखा. स्फटिकांचे दाणे बोटांना टोचतात आणि बुटाचा तळ त्यावर घट्ट बसतो. पावसात आपला शेवाळलेला काळा कातळ जसा दगा देतो तसा हा देत नाही. अपवाद काळपट दगडफुलाचा. ओलं दगडफूल घसरतं, म्हणून पाऊल ठेवताना स्वच्छ, लालसर जागा निवडा.

धारेवरचे धोंडे बहुतेक मेजाएवढे, एकमेकांवर तिरके टेकलेले. पकड घेण्याआधी दगड हातानं ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा किंचित हलला तर त्याच्यावर वजन टाकू नका. ओढायचं ते खालच्या दिशेनं, स्वतःकडे नाही. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम राहू द्या. गुडघे टेकायचा मोह होतो, टेकू नका. गुडघ्यावरून उठताना तोल जातो. छोट्या उतारांवर तोंड दरीकडे ठेवून, बसकण मारत उतरता येतं. पाय खाली पोचत नसेल तर तोंड खडकाकडे करून शिडीवरून उतरतात तसं उतरा. उडी कुठेही नाही.

दोन माणसांत इतकं अंतर ठेवा की पुढच्याच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याला लागणार नाही, पण बोलणं ऐकू येईल. झोताचा वारा आला तर तिथल्या तिथे खाली बसा, खडक धरा, झोत गेल्यावर उठा. समोरून गट आला तर रुंद जागी थांबून त्यांना जाऊ द्या. छायाचित्रं थांबून काढा, चालताना अजिबात नाही.

एक ते दीड तासात धार बेनच्या उताराला भिडते. इथून शेवटचा तीनशे मीटरचा चढ म्हणजे नुसता धोंड्यांचा ढीग. लाल ग्रॅनाइट संपून करडा, गुळगुळीत ज्वालामुखी दगड लागतो आणि ओला असला तर तो चांगलाच घसरतो. वाट मधूनमधून हरवते. उजवीकडच्या कड्याच्या फार जवळ न जाता सरळ वर चढत राहा. पाऊण ते एक तास.

माथा

अचानक माणसांचा घोळका दिसतो. माउंटन ट्रॅकनं आलेले शेकडो लोक इथे असू शकतात. त्रिकोणमितीचा (जमीन मोजणीसाठी उभारलेला) खांब, वेधशाळेच्या पडक्या भिंती आणि त्यांवर उभारलेला छोटा आपत्कालीन निवारा. वेधशाळा १८८३ ते १९०४ अशी एकवीस वर्षं चालली. माणसं बाराही महिने इथे राहून तासातासाला नोंदी करत होती. १८९४ च्या सप्टेंबरमध्ये सी. टी. आर. विल्सन हे भौतिकशास्त्रज्ञ दोन आठवडे इथे कामाला होते. ढगावर पडलेल्या सावलीभोवतीची रंगीत वलयं त्यांनी इथून पाहिली. ते प्रयोगशाळेत करून बघण्याच्या ध्यासातून त्यांचं अभ्रकक्ष (क्लाउड चेंबर) हे उपकरण जन्मलं आणि १९२७ चं नोबेल मिळालं. तीच वलयं आपण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र म्हणून बघतो. सूर्य पाठीशी आणि ढग समोर खाली असेल तर इथेही जरूर शोधा, मात्र उत्तरेच्या काठापासून दूर उभं राहून. तिथे काठाबाहेर आलेला बर्फाचा पोकळ छज्जा असू शकतो आणि तो वरून जमिनीसारखाच दिसतो.

तिसरा टप्पा : उतरण

हवा स्वच्छ असेल तर वाट समोर दिसते, कडेनं उंच दगडी राशी आहेत, लोक चालत आहेत. ढग असेल तर माणसांच्या मागे चालू नका. पुढचा माणूसही कुणाच्या तरी मागेच चाललेला असतो.

पठाराचा आकार समजून घ्या. वाटेच्या उजवीकडे, माथ्यापासून अगदी जवळ, गार्डिलू गली ही घळ आत घुसलेली आहे. सरळ पश्चिमेला निघालात तर तिच्या तोंडावर जाता. तिला घाबरून फार डावीकडे गेलात तर पुढे फाइव्ह फिंगर गली. आधी सोपा उतार, मग एकदम कडा. तिथे अनेकांचे जीव गेले आहेत. म्हणून दोन दिशांचा नियम :

त्रिकोणमितीच्या खांबापासून नकाशाच्या उत्तरेच्या संदर्भानं २३१ अंशांवर १५० मीटर चालायचं. तिथून २८२ अंशांवर वळायचं आणि साधारण ९०० मीटर, मॅकलीन्स स्टीप हा तीव्र उतार पार करून, वाटेची नागमोडी वळणं सुरू होईपर्यंत तीच दिशा सोडायची नाही.

हे दोन आकडे नकाशाच्या कडेला पेननं लिहून ठेवा. चुंबकीय फरक, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतलं अंतर, सध्या तिथे अगदी थोडा आहे, तरी नकाशावर छापलेला बघून घ्या. १५० मीटर मोजायचे ते पावलांनी : घरी असतानाच मैदानावर शंभर मीटर आखून डावं पाऊल किती वेळा पडतं ते मोजा. बहुतेकांचं साठ ते पासष्टच्या आसपास येतं. धोंड्यांवर पावलं आखूड पडतात, म्हणून थोडी वाढवून धरा. एकानं होकायंत्र धरावं, दुसऱ्यानं मोठ्यानं मोजावं, बाकीच्यांनी त्या वेळी गप्पा मारू नयेत.

नागमोडी वळणांना लागलात की धोका बराच कमी होतो, उरतो तो गुडघ्यांचा त्रास. काठ्या आता बाहेर काढा. रेड बर्न ओढा ओलांडल्यावर खाली लोखन मेलन्टी हा तलाव दिसतो. त्याला हाफवे लोखन असंही म्हणतात. तलावाच्या वर मुख्य वाट डावीकडे मागे वळून ग्लेन नेव्हिसला उतरते.

गाडी टॉरलंडीला असेल तर इथे मुख्य वाट सोडून उत्तरेकडे जायचं, तलावाच्या टोकापलीकडून उजवीकडच्या उतारानं आउल्ट अ व्हूलिनपर्यंत उतरायचं आणि ओढा ओलांडून सकाळच्या वाटेला लागायचं. हा भाग बिनवाटेचा आणि दलदलीचा आहे, पाय घोट्यापर्यंत रुततात. दिवसभर पाऊस झाला असेल तर हे करू नका. ओढा फुगतो आणि दमलेल्या माणसानं तो ओलांडायचा प्रयत्न करणं धोक्याचं आहे. अशा वेळी सरळ ग्लेन नेव्हिसला उतरा आणि टॅक्सी करून गाडीकडे या. दोन गाड्या असतील तर एक सकाळीच ग्लेन नेव्हिसला लावून ठेवणं उत्तम.

अडचण आलीच तर

९९९ किंवा ११२ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. आवाजाला रेंज पुरत नसेल तर संदेश पाठवता येतो, पण त्यासाठी ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द ९९९ ला पाठवून आधी नोंदणी करावी लागते. ती घरूनच करा. शिट्टीचा संकेत : मिनिटात सहा फुंकी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. रात्री टॉर्चनं हेच. येणारे लोक लोखाबर माउंटन रेस्क्यू टीमचे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. म्हणून मदत मागायला संकोच करू नका, आणि उगाच बोलावण्याची वेळही आणू नका. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा. परतल्यावर, किंवा बेत बदलला तर लगेच, कळवा.

खोलीवर आल्यावर आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड बघा. गवतातून आलेली असते, तिळाएवढीसुद्धा नसते आणि तिच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढा, तेल किंवा काडी लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा दिसला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना स्कॉटलंडच्या डोंगरात गेलो होतो हे आवर्जून सांगा. भारतात परतला असाल तर नक्कीच.